पाच मिनिटं गप्प

मी सईच्या मागे उभी राहून पैंजण वाजवले. तिच्या बारशातले, चांदीचे, साबुदाण्याएवढ्या घुंगरांचे. सई आणि माझे सासरे, अण्णा, माझ्याकडे पाठ करून सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते. अण्णांच्या मांडीवर पक्ष्यांचं पुस्तक, सईच्या मांडीवर अण्णांची दुर्बीण. मी एकदा वाजवले, मनात दहापर्यंत मोजलं, परत वाजवले.

सईने मान वळवली नाही. ती अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिली.

मी स्वयंपाकघरात गेले, फ्रिजवरची वही काढली आणि लिहिलं : दहा जून, सकाळी सव्वानऊ. पैंजण, दोनदा, अडीच मीटरवरून. वळली नाही. अण्णांकडे बघत होती. खाली पट्टीने रेघ मारली.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. सई तेव्हा सव्वातीन वर्षांची होती. फिनलंडच्या पूर्वेला योएनसू नावाचं गाव आहे, तिथल्या विद्यापीठात हृषी, म्हणजे माझा नवरा, लेझरवर काम करायचा. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलेली, पण त्या गावात माझी प्रयोगशाळा म्हणजे आमचं दोन खोल्यांचं घर आणि नमुना एकच. एप्रिलमध्ये पाळणाघरातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हाक मारली की सई बघत नाही. बोलत तर नाहीच. घाबरायचं कारण नाही, पण कान तपासून घेऊ. तपासणीची तारीख मिळाली अठरा जून. मधले दोन महिने नुसतं थांबायचं होतं, आणि नुसतं थांबणं मला कधी जमलेलं नाही. मी वही केली. चमचा, किल्ल्या, पैंजण, कुजबुज. अंतर, वेळ, प्रतिसाद.

सुरुवातीची पानं बरी होती. मग मेच्या मध्यावर अण्णा सहा आठवड्यांसाठी आले आणि नेमकी तेव्हापासून वही बिघडत गेली. सई जे चार-दोन शब्द बोलायची तेही कमी झाले. पाणी हवं असलं की ती अण्णांच्या गुडघ्यावर दोनदा टिचकी मारायची आणि अंगठा तोंडाकडे न्यायची. अण्णा उठून पाणी आणायचे. एखादं खेळणं मोडलं की दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींना टेकवून झटकन लांब करायची.

"हे काय?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं.

"धागा तुटला," अण्णा म्हणाले. "मागावरची खूण आहे ती. आता हे बघ." त्यांनी दोन्ही तर्जन्या लांबून आणून एकमेकींना टेकवल्या आणि मग मूठ गोल फिरवली. "जोडला. चालू कर."

अण्णांनी इचलकरंजीत बत्तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात काढली. आधी कामगार, मग सुपरवायझर. तिथे एका शेडमध्ये साठ माग एकदम खडखडत असायचे. दर रविवारी मात्र सायकलवर दुर्बीण टाकून पंचगंगेच्या काठाला. सोमवार ते शनिवार धागे आणि रविवारी पक्षी, असं सासूबाई म्हणायच्या. त्या जाऊन तीन वर्षं झाली होती आणि अण्णा तिकडे एकटेच राहत होते. फोनवर फार बोलत नसत. "आवाज तुटतोय, रेंज नाही," म्हणायचे आणि ठेवायचे.

त्या दिवशी, वहीत रेघ मारून झाल्यावर, मी बाहेर येऊन म्हटलं, "अण्णा, तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

ते पुस्तकातच होते. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"तिला खुणा शिकवू नका ना. तिच्याकडून बोलून घ्या. खुणेने सगळं मिळायला लागलं तर ती बोलेल कशाला?"

"अगं, शेडमध्ये आम्ही बत्तीस वर्षं असंच बोललो. मागांच्या आवाजात देवाला हाक मारायची तरी खुणेनंच मारावी लागायची."

"इथे माग नाहीयेत."

"नाहीत खरं," अण्णा म्हणाले. सईच्या केसांवरून हात फिरवला आणि परत पुस्तकात बघायला लागले.

रात्री जेवताना हृषी म्हणाला, "अण्णांना रागावलीस?"

"रागावले नाही. सांगितलं."

"तेच ते. तुझं सांगणं आणि रागावणं यात फक्त आवाजाचा फरक असतो."

"मग काय करू? अठरा तारखेला डॉक्टर विचारतील, घरी कसं आहे. काय सांगू? दिवसेंदिवस उलटं चाललंय म्हणून?"

हृषीने वहीकडे बघितलं आणि वाढून घेतलेला भात परत पातेल्यात टाकला. मला ते फार लागलं. अण्णा समोरच बसले होते. त्यांनी आम्हा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं आणि लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली.

अण्णा आमच्याकडे आले होते ते नातीसाठी, आणि एका पक्ष्यासाठी. पक्षी दाखवण्यासारखाही नाही. चिमणीपेक्षा लहान, मळकट हिरवा, डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर पांढुरकी बारीक रेघ. दिवसभर पानांमधून किडे-अळ्या टिपत फिरतो. अण्णा त्याला हिरवट पर्णवटवट्या म्हणायचे. त्याच्यासारखे दिसणारे आणखी पाच-सहा आहेत, ते सगळे एका ओळीत बसवून ओळखायला सांगितलं तर मी हात जोडून घरी जाईन.

"हा आमच्याकडं ऑक्टोबरात यायचा," अण्णांनी आल्या आल्याच मला सांगितलं होतं. "दारातल्या शेवग्यावर. दिसायच्या आधी ऐकू यायचा. त्सी-ली, त्सी-ली, सकाळपास्नं. पण ते नुसतं बोलणं झालं. गाणं त्याचं निराळंच असतंय. ते गातो इकडं, उन्हाळ्यात, घरटं करायच्या वेळी. म्हणजे जन्मभर ज्याला ओळखतोय त्याचं गाणंच मी ऐकलेलं नाही."

"या वेळी ऐकाल की."

"बघू. आमच्याकडं तर आता येतच नाही तो. सात-आठ वर्षं झाली. औषधं मारून मारून किडा ठेवला नाही कुठं, तो तरी येऊन काय खाणार?"

हे सगळं मी खालच्या मजल्यावरच्या हेल्वीला सांगितलं. हेल्वी सत्तरीची, शाळेतून निवृत्त झालेली, उन्हाळ्यात पक्ष्यांची गणती करणारी. दोन वर्षांत तिच्याशी माझं बोलणं जिन्यातल्या नमस्काराच्या पुढे गेलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं.

"कोली," ती म्हणाली. "डोंगर आहे. दरवर्षी दोन-तीन असतात. शनिवारी माझी गणती आहे. पाचला निघू."

"मुलीला आणलं तर चालेल? ती आवाज करत नाही." बोलल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

"चालेल," हेल्वी म्हणाली. "एक नियम आहे. तो गाडीत सांगेन."

हृषीची त्या शनिवारी लेझरवर पाळी होती, म्हणून आम्ही चौघंच निघालो. पहाटेचे पाच, पण तिथे जूनमध्ये ऊन तोवर चांगलं वर आलेलं असतं. अण्णांनी माकडटोपी घातली होती आणि तिच्यावरून डासांची जाळी. सई त्यांच्याकडे बघून खुदकन हसली.

"हसतीयस काय? डास चावला की कळेल," अण्णा म्हणाले आणि तिच्याही डोक्यावर जाळी चढवली.

नियम हेल्वीने गाडी चालवता चालवता सांगितला. ठरलेल्या जागी थांबायचं. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत कोणी बोलायचं नाही, पक्ष्याचं नाव घ्यायचं नाही, दुसऱ्याला कोपर मारून दाखवायचं नाही. आवाज आला की ज्याने त्याने त्या दिशेला हात करायचा. पाच मिनिटं झाली की मग बोलायचं.

"एकाने नाव घेतलं की बाकीच्यांना तोच ऐकू यायला लागतो," ती म्हणाली. "नसला तरी."

मी मागे सईशेजारी बसले होते. नियम मराठीत करून अण्णांना सांगायला लागले, तर ते मान हलवत म्हणाले, "कळलं, कळलं." ते पुढे हेल्वीशेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत होते.

पहिली जागा डोंगराच्या पायथ्याशी होती, बर्चच्या झाडांत. हेल्वीने घड्याळ लावलं आणि आम्ही गप्प झालो.

पाच मिनिटं किती मोठी असतात ते मला तिथे कळलं. मी सईजवळ इतका वेळ कधीच गप्प राहिले नव्हते. बोट दाखवायला हात वळवळत होता. ते बघ, ऐकू येतं का, कुठे आहे, हे सगळं जिभेवर येऊन परत जात होतं. हेल्वीचा हात डावीकडे गेला, मग समोर. अण्णांचा हात डावीकडे गेला, मग समोर. माझे डोळे सईवर. झाडातून काहीतरी गायलं की ती मान वर करून अण्णांकडे बघायची. आवाजाकडे बघायची नाही.

वही घरी होती, पण मनातल्या मनात मी रेघ मारली.

"हे दोन ऐकलेत?" वेळ संपल्यावर हेल्वी म्हणाली. "दिसायला सारखे. हातात धरले तरी मी दोनदा बघते. पण एक जिना उतरल्यासारखा गातो, वरून खाली, शेवटी हळू. दुसऱ्याला दोनच स्वर येतात, नळ गळत असतो तसे. यांच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही."

"सुरेख," अण्णा इंग्रजीत म्हणाले. "फारच सुरेख."

हेल्वीने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि कागदावर आकडे लिहिले.

दुसऱ्या जागेवरही तसंच झालं. तिसरी जागा चढावर होती. तिथे बर्च संपून स्प्रूस सुरू झाले होते. उंच, काळपट, फांद्यांवरून दाढीसारखं शेवाळ लोंबणारे. खाली लांबवर तळ्याचं पाणी चमकत होतं. हेल्वीने उतारावरच्या एका झाडाच्या शेंड्याकडे नुसतं बघितलं आणि घड्याळ लावलं. मला कळलं की याच जागेसाठी आपण आलोय.

एक मिनिट काहीच नाही. डासांचं गुणगुणणं तेवढं.

मग गाणं आलं. उंच, बारीक, घाईघाईचं, लहान मूल जिन्यावरून उड्या मारत पळावं तसं. दोन-तीन सेकंद, आणि बंद. हेल्वीचा हात वर होता, पण तिच्या आधी एक लहानसा हात वर गेला होता. सईचा. नीट, सरळ, उतारावरच्या त्या शेंड्याकडे.

मी तोंडावर हात दाबला. नियम होता म्हणून. दोन महिने ज्याच्यासाठी मी भांडी आपटत होते ते तिने कोणी न सांगता, न ढोसता केलं होतं. पण मला त्याचा आनंद पुरा करायलाही मिळाला नाही. कारण हात वर धरूनच सईने मान वळवली आणि अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या मागोमाग मीही बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी सईला सोडून दुसऱ्या कोणाकडे तरी नीट बघत होते.

अण्णांनी हेल्वीचा हात बघून आपला हात वर केला. दुर्बीण डोळ्यांना लावली, शेजारच्या भलत्याच झाडावर. चेहऱ्यावर हसू आणलं. आणि ते ताल दिल्यासारखी मान डोलवायला लागले. हळूहळू, दाद देत.

पक्षी गप्प होता. गाणं संपून अर्धं मिनिट झालं होतं. शांततेत माझे सासरे मान डोलवत होते.

हेल्वीने तळ्याकडे तोंड फिरवलं.

सईने अण्णांचा शर्ट ओढला. त्यांनी दुर्बीण खाली केली. तिने त्यांचा उजवा हात धरून उघडला आणि तळवा आपल्यासमोर धरून ठेवला, पाटीसारखा. थांबली. पुन्हा गाणं सुरू झालं त्या क्षणी ती तिच्या बोटाने त्या तळव्यावर टिचक्या मारायला लागली. भराभर, मध्येच एक उडी, परत भराभर. गाणं थांबलं. बोट थांबलं.

अण्णा आपल्या तळव्याकडे बघत राहिले. मग झाडाकडे बघितलं. मग सईकडे. हळूच खाली एका मुळावर बसले, म्हणजे हात तिला सोयीचा पडेल. पक्षी पुन्हा गायला, बोट पुन्हा चाललं. पाच मिनिटांत चार वेळा. चौथ्या वेळेला अण्णांनी डोळे मिटले होते आणि त्यांची मान आता सईच्या बोटाबरोबर हलत होती, बरोबर गाण्यावर.

घड्याळ वाजलं. हेल्वीने पिशवीतून थर्मास काढला आणि कॉफी ओतली. अण्णांना दिली, मला दिली, सईला दालचिनीचा पाव दिला. मग गणतीचा कागद अण्णांसमोर धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हिप्पियाइनेन," ती म्हणाली. अण्णांच्या समोर येऊन, सावकाश. "पाच ग्रॅमचा पक्षी. या जंगलात सगळीकडे आहे. आवाज फार बारीक. चार वर्षं झाली, मला तो ऐकू येत नाही. दर वर्षी त्याच्यासमोर लिहिते, निरीक्षकाला ऐकू येत नाही. नाहीतर लोक म्हणतील, जंगलातून नाहीसा झाला."

हे तिने अशा आवाजात सांगितलं जसं कोणी सांगावं, आज दूध संपलंय.

अण्णांना किती इंग्रजी कळलं मला माहीत नाही. पण त्यांनी कागद हातात घेतला, ती ओळ बोटाने चाचपली आणि परत दिला.

"अण्णा," मी म्हटलं. आणि मग उठून त्यांच्यासमोर जाऊन बसले, त्यांना माझं तोंड दिसेल असं. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अण्णा."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "बारीक आवाज गेलेत तेवढे. माणसांचं येतंय ऐकू. समोर बसून बोलला की येतंय. शेडमधल्या निम्म्या लोकांचं असंच आहे. माग बंद पडले, पण कानातला एक चालूच राहतोय."

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुझं ते वाटी-चमच्याचं चाललं होतं. म्हटलं, घरात एका कानाची काळजी पुरे आहे की. आणखी दोन कुठं वाढवायचे?"

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. डासांच्या जाळीतून नाक पुसता येत नाही, ते एक अवघड काम आहे.

"आणि खुणा? त्या तुम्ही तिला शिकवल्या म्हणून मी..."

"मी कुठं शिकवल्या? आल्याच्या दुसऱ्या दिवशी ही मागनं काहीतरी म्हणत होती म्हणं. मला पत्ता नाही. मग पुढनं आली, गुडघ्यावर टिचकी मारली आणि तोंडाकडं अंगठा केला. म्हटलं, वा, ही तर आपल्या शेडमधली." त्यांनी सईकडे बघितलं. ती पावातली दालचिनी चाटत होती. "हिला तेव्हाच कळलं गं. तुम्हा दोघांना शिकून काय उपयोग झाला मला माहीत नाही."

हेल्वीला मराठी येत नव्हतं. तिने कप झटकला, कागदावर पेन टेकवलं आणि मला म्हणाली, "हिरवट, एक नर, गाणारा. दोघांनी ऐकला असं लिहावं लागतं. पहिला हात कोणाचा होता, तू बघितलंस?"

"सईचा."

"मीही बघितलं," ती म्हणाली. "स्पेलिंग सांग."

परतताना सई गाडीत झोपली. घरी आल्या आल्या मी वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचत गेले. मी निरीक्षणं बरोबर लिहिली होती. एकही खोटं नव्हतं. अण्णा येण्याआधीच्या पानांवर : वळली, वळली, वळून हसली, वळली, वळली नाही (कंटाळली?). अण्णा आल्यानंतर पानामागून पान : वळली नाही, अण्णांकडे बघत होती. वळली नाही, अण्णांकडे बघत होती. सव्वीस वेळा माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पैंजण वाजले की अण्णांना ते ऐकू आले का, हे ती बघायची. दोन पाठमोरी माणसं होती आणि मी एकाचंच नाव वहीत लिहिलं होतं.

संध्याकाळी हृषी आला. मी दारातच त्याला सगळं सांगितलं. तो बूट न काढता आत गेला, अण्णांच्या समोर स्टूल ओढून बसला आणि सावकाश, जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "आवाज तुटतोय, रेंज नाही. होय ना?"

"ओरडतोस कशाला?" अण्णा म्हणाले. "बहिरा आहे का मी?"

आणि मग बापलेक कितीतरी वेळ हसत बसले.

अठरा तारखेला तपासणी झाली. सईने हेडफोन लावून प्रत्येक आवाजाला एक लाकडी ठोकळा डब्यात टाकला, अगदी हळू आवाजालासुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान उत्तम आहेत. घरात एक भाषा, बाहेर दुसरी, ही अजून ऐकून घेते आहे. काही मुलं आधी खूप ऐकून घेतात. बोलेल. नाहीच वाटलं तर सहा महिन्यांनी या. घरी काही नोंदी ठेवल्या आहेत का, असं त्यांनी विचारलं. वही माझ्या पर्समध्ये होती. मी नाही म्हटलं.

अण्णा जूनअखेर परत गेले. कानाच्या मशीनसाठी त्यांनी दोन महिने घोळ घातला. महाग आहे, शोभत नाही, गल्लीतली पोरं चिडवतील. शेवटी हृषीने त्यांना खुणेने सांगितलं, व्हिडिओ कॉलवर, दोन तर्जन्या झटकन लांब करून. त्या महिन्यात कोल्हापूरला जाऊन त्यांनी मशीन घेतलं.

ऑक्टोबरचा शेवट होता. आमच्याकडे पहिला बर्फ पडून गेला होता आणि सई खिडकीशी बसून काचेवर श्वास सोडत होती. फोन वाजला. अण्णा. कानामागे राखाडी बटण, मागे सकाळचं ऊन आणि शेवग्याच्या फांद्या.

"सईला घे," ते म्हणाले. "आणि गप्प बसा. पाच मिनिटं."

त्यांनी फोन झाडाकडे वळवला. आम्ही गप्प बसलो. एक रिक्षा गेली. कोणीतरी भांडी घासत होतं. लांब कुठल्यातरी शेडमधली खडखड ऐकू येत होती. पानं हलत होती, त्यांत कोणी दिसत नव्हतं.

त्सी-ली.

सईने फोनच्या काचेवर टिचकी मारली. एकच. पडद्याच्या कडेला अण्णांचा हात आला, त्यांनीही त्याच वेळी फांदीकडे बोट केलं होतं. पुन्हा त्सी-ली. पुन्हा दोघांची बोटं. या वेळी अण्णांचं आधी.

फोन परत त्यांच्या चेहऱ्याकडे वळला. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचाच.

"तीन आहेत, केतकी. परवापास्नं मोजतोय. म्हणजे हे दरवर्षी येतच होते गं."

सईने फोन माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून उभा केला, म्हणजे दोन्ही हात मोकळे होतील. दोन तर्जन्या लांबून आणल्या आणि एकमेकींना टेकवल्या. मूठ गोल फिरवली.

आणि मग, अण्णांना तोंड दिसेल असं पुढे वाकून, बोललीही.

"चालू कर."